डाव्या बाजूची झिप

झिप अर्ध्यावर अडकली तेव्हा मला आधी हसू आलं. ट्रायल रूम नंबर तीन. जेवणाच्या सुट्टीतली पस्तीस मिनिटं शिल्लक होती, आणि डाव्या कुशीत, फासळ्यांच्या जरा खाली, झिपेनं अस्तराचा एक घास घेऊन दात आवळले होते. वर जाईना, खाली येईना. ड्रेस निळा, गुडघ्याखाली चार बोटं, गळा बंद, ऑफिसला चालेल असा. डोक्यावरून घालताना सरसर उतरला होता. आता कमरेत बंद आणि काखेत उघडा अशा अवस्थेत तो ना अंगावर बसत होता ना अंगावरून निघत होता. मी पोट आत ओढलं, श्वास धरला, पुन्हा जोर लावला. झिपेचा पत्र्याचा कान बोटात रुतला. आरशात तीन बाजूंनी तीन बायका डावा हात वर करून उभ्या होत्या, आणि तिघींच्याही तोंडावर एकच भाव होता: कुणी पाहिलं तर नाही ना?

वास्तविक तिथं मला ओळखणारं कुणी असण्याचं कारण नव्हतं. मी मुद्दामच ऑफिसपासून चार चौक लांबची शाखा धरली होती. मी काम करते ते ऑफिस चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीचं. तिथं मागच्या खोलीत बसून अकरा वर्षं मी तक्रारींची पत्रं वाचत आणि त्यांना उत्तरं लिहीत आले. काच ओरखडलेली आली, नंबर चुकला, पार्सल ओलं झालं. मागच्या खोलीत कपड्यांकडे कुणी बघत नाही. पण पुढच्या टेबलावरची बाई बाळंतपणाच्या रजेवर निघाली आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तुम्ही पुढे बसा. आवाज चांगला आहे तुमचा." मग थोडं थांबून, खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि जरा... म्हणजे, तुम्ही समजूतदार आहात." एवढंच. पण खिडकीकडे वळण्याआधी त्यांची नजर माझ्या कॉलरवरून गेली होती. माझ्या शर्टांच्या कॉलरी उलटवलेल्या असतात. कॉलर विरली की ताई ती उसवते, आतली बाजू बाहेर घेते आणि पुन्हा शिवते. शर्टाला आणखी दोन वर्षं मिळतात. सहज बघणाऱ्याला कळत नाही. निरखून बघणाऱ्याला कळतं की या कॉलरीचा रंग बाकीच्या शर्टापेक्षा जरा जास्त ताजा आहे.

ताईनं मला वाढवलं. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिला नुकतंच कपड्यांच्या कारखान्यात काम लागलं होतं. मोठी शेड, ओळीनं मशिनं, प्रत्येकीकडे कपड्याचा एकच तुकडा. कुणी फक्त बाह्या लावायची, कुणी फक्त काजं. ताईकडे डाव्या बाजूची झिप आली आणि अकरा वर्षं तीच राहिली. संध्याकाळी ती दारात आली की मी तिच्याकडे बघून ओळखायचे, आज कुठला रंग होता. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर त्या रंगाची बारीक लव बसलेली असायची. "आज हिरवा!" मी ओरडायचे. ती रुमालात नाक शिंकरायची आणि रुमाल मला दाखवायची. हिरवा. आम्ही दोघी खो खो हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं हे मला आजही सांगता येणार नाही, पण इतकं हसू मला नंतर क्वचितच आलं असेल. तिच्या हातांना मशिनच्या तेलाचा वास यायचा. त्या हातांनी ती माझी वेणी घालायची, आणि वर्गात माझ्या मागच्या बाकावरची मुलगी नाक मुरडायची.

आता या खोलीत तोच वास होता. तेलाचा नव्हे, त्याच्या आधीचा, कोऱ्या कापडाचा, गोंद आणि रॉकेल यांच्या मधला काहीतरी. छताला पांढरा दिवा, त्याची ऊब थेट टाळूवर. कुठून तरी एकाच ठेक्याचं गाणं येत होतं, संपतंय म्हणता म्हणता पुन्हा सुरू होणारं. मी मान वाकडी करून कुशीत बघितलं. चूक दिसत होती. अस्तर झिपेच्या कडेला टाचलेलंच नव्हतं. एक टीप, बोटभर लांबीची, मारली असती तर अस्तर दातांपासून लांब राहिलं असतं. ही टीप का राहते हेही मला माहीत होतं. ताशी ऐंशी झिपांचा आकडा नव्वदवर नेला की पहिली हीच टीप जाते, कारण ती बाहेरून दिसत नाही. ताई सांगायची, "मी नाही सोडायची गं. बाकीच्या सोडायच्या. मी जेवायला दहा मिनिटं उशिरा जायची, पण सोडायची नाही." मग एके दिवशी सकाळी तिला केस विंचरायला उजवा हात वर नेता येईना. खांदा जागच्या जागी कुलूप लावल्यासारखा. पंधरा दिवस शेकलं, औषधं झाली. लाइनीवरच्या मुकादमानं निरोप पाठवला, बरं वाटलं की या. बरं वाटलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मी म्हणाले, आपण तक्रार करू. ताई म्हणाली, "कुणाची? खांद्याची?"

दोन वर्षांपूर्वी आमच्या रस्त्याच्या तोंडाशी याच दुकानाची तीन मजली शाखा उघडली. ताई बाहेरून येताना थबकली आणि काचेमागच्या पुतळ्याच्या मानेजवळ बघू लागली. "हे लेबल आमच्याकडे यायचं," ती म्हणाली. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी तिथंच, रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की या दुकानाची पायरी मी मरेपर्यंत चढणार नाही. ताई काही बोलली नाही. पुतळ्याकडे आणखी थोडा वेळ बघून घरी आली आणि मटार सोलायला बसली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला.

खरं तर ती प्रतिज्ञा तिथंच विरून गेली असती. ती वाचवली हातमागबाईंनी. त्या आमच्या जाहिरात विभागात. कपडे फक्त हातमागाचे, वर्षातून दोन, पण बघत राहावेत असे. एकदा डबा खाताना त्या स्वस्त कपड्यांच्या कारखान्यांबद्दल काहीतरी वाचून दाखवत होत्या. कुणी ऐकत होतं, कुणी लोणचं मागत होतं. आणि मी, जी त्या टेबलावर इतक्या वर्षांत पाणी दे याच्यापलीकडे बोलले नव्हते, म्हणाले, "माझी बहीण होती तिथं." सगळे थांबले. मग मी सांगितलं. रंगीत रुमाल, ऐंशी झिपा, खांदा. ताईच्या बोटातून सुई एकदा आरपार गेली होती, मी दोनदा गेली असं सांगितलं. शेवटी म्हणाले, "म्हणून मी त्या दुकानातून काही घेत नाही." हातमागबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या शर्टाच्या उलटवलेल्या कॉलरीला, अगदी हलक्या हातानं, बोट लावलं आणि म्हणाल्या, "याला म्हणतात जगणं." त्या दिवसापासून माझे जुने शर्ट जुने राहिले नाहीत. ते माझं मत झाले. मला परवडत नाही हे वाक्य मला त्यानंतर कधी बोलावं लागलं नाही. मी घेत नाही, एवढं म्हटलं की भागायचं. किती सोपं होतं ते. आणि कुणालाच, मलाही, कळायचं कारण नव्हतं की यातलं पहिलं वाक्य कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं. हातमागबाईंचं एक जाकीट म्हणजे आमचं दीड महिन्याचं भाडं. म्हणजे माझ्यापुढे एका बाजूला ते जाकीट होतं, एका बाजूला हा निळा ड्रेस, आणि मध्ये साहेबांची खिडकी.

दारावर टकटक झाली. "मॅडम, झालं का?" ट्रायल रूमवरची बाई. येताना तिनं मला तीन नंबरचा प्लॅस्टिकचा बिल्ला दिला होता. माझ्याच वयाची, सुजलेल्या घोट्यांची.

"झिप अडकलीय जरा."

"ओढू नका हं. फाटलं तर घ्यावं लागतं." मग आवाज खाली आणून, "मी आत येऊ का? पण मला कात्री लावता येत नाही. ती सुपरवायझरकडे असते, आणि ते जेवायला गेलेत."

"नको. बघते मीच."

"बाहेर रांग आहे मॅडम, म्हणून म्हटलं." ती तिथंच उभी राहिली. दाराखालच्या फटीतून तिचे बूट दिसत होते. एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पुन्हा पहिल्यावर.

मला घाम फुटला. कापडातून हवा म्हणून जात नव्हती. घाम पाठीवरून उतरून कमरेशी, जिथं ड्रेस बंद होता, तिथं साचू लागला. मी दोन्ही हात वर करून ड्रेस डोक्यावरून ओढून बघितला, तो खांद्यांवर गोळा झाला आणि क्षणभर दोन्ही हात आणि डोकं आतच राहिलं. निळा अंधार. माझाच श्वास गरम होऊन तोंडावर येत होता. मला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडण्यासारखं काहीच घडलेलं नाही हेही कळत होतं. एका बाईला एक ड्रेस निघत नाही. बस्स. मी कसाबसा तो पुन्हा खाली केला, खाली बसले, पर्समधून फोन काढला. या जगात ही झिप सोडवू शकेल असं मला माहीत असलेलं एकच माणूस होतं.

"ताई, कुशीतली झिप अडकलीय. अस्तर आलंय दातांत."

"कुणाची?"

"माझी. मी घातलाय."

"मग काढायला काय झालं? कुठं आहेस तू?"

फोनमधून तिला ते गाणं ऐकू जात असणार.

"दुकानात आहेस," ताई म्हणाली. "त्या?"

"हं."

मी वाट बघत राहिले. ती काय म्हणेल याच्या मी दोन वर्षं मनात इतक्या तालमी केल्या होत्या की प्रत्येक वाक्याला माझं उत्तर तयार होतं. ताई म्हणाली, "रंग कुठला?"

"निळा."

"आत काय आहे? शिलाईची कड बघ. दोरे तीन आहेत की पाच?"

"तीन."

"तीनच आता? आमच्या वेळी पाच असायचे. बरं. पहिलं, तिच्यावरून हात काढ. श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस, सगळे तिथंच चुकतात. ओठांना लावायचं काही आहे जवळ? ते दातांवर चोळ, वर आणि खाली. आता झिपेला नाही, अस्तराला धर. दोन बोटांत. मागे ओढ, तिरकं, तुझ्या पाठीकडे. आणि दुसऱ्या हातानं झिप आधी वर. केसभर वर. खाली नाही."

"वर?"

"जिथून अडकली तिथूनच सुटते का काहीतरी? वर घे म्हणते ना."

फोन कान आणि खांद्यामध्ये धरून मी वर घेतली. काहीतरी चरकन वाजलं आणि झिप सुटली. एका झटक्यात कमरेपर्यंत खाली आली. मी भिंतीला टेकले. "सुटली," मी म्हणाले.

"फाटलं?"

अस्तरात इंचभर चीर गेली होती. "नाही," मी म्हणाले. दाराबाहेर बूट होते.

"मग घेतेस ना? छान बसला असेल तर घे."

"ताई, तू रागावली नाहीस?"

"कशाबद्दल?"

"मी म्हणाले होते ना, पायरी चढणार नाही म्हणून. तुझ्यासाठी."

ताई म्हणाली, "माझ्यासाठी कुठं? मी कधी म्हटलं घेऊ नकोस? सगळ्यांनी घ्यायचं सोडलं असतं तर आपण दोघींनी खाल्लं काय असतं?" आणि मग, जरा घाईघाईनं, जसं लहानपणी मी तिच्याकडे काही मागायचे तसं, "मला तर दोन वर्षं झाली, एक घ्यावासा वाटतोय गं. येता-जाता बघते काचेतून. पण तू एवढी भर रस्त्यात बोललीस, मग मी कुठल्या तोंडानं मागणार? पिवळा असतो एक. पिवळा कपडा आला ना लाइनीला की त्या दिवशी सगळ्या गोऱ्या दिसायच्या. तुझ्याहून एक माप कमी बघ. असेल तर. नसला तर राहू दे."

ताई गेली दोन वर्षं माझेच जुने कपडे घालते. ती आवडीनं घालते असं मी धरून चालले होते.

मी माझा शर्ट चढवला, निळा ड्रेस हँगरवर लावला, चीर आतल्या बाजूला जाईल असा नीट केला. बाईनं हँगर घेतला, बिल्ला घेतला, बघितलं नाही. "बसला नाही का?" तिनं विचारलं. "नाही," मी म्हणाले. ती चीर आता कुणाच्या तरी नावावर जाणार होती. या बाईच्या, नाहीतर कुठल्याशा शेडमधल्या, डाव्या बाजूला बसणाऱ्या कुणाच्या. मला ते तेव्हाच कळत होतं. मी थांबून सांगू शकत होते. पण पर्समध्ये एकाच ड्रेसचे पैसे होते, आणि वरच्या मजल्यावर, खांबापाशी, पिवळे ड्रेस ओळीनं टांगलेले होते, त्यात एक माप कमी होतं.

ऑफिसात पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. दुकानाची पिशवी मी घडी घालून डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली कोंबली होती. जिन्यात हातमागबाई भेटल्या. त्या माझीच वाट बघत होत्या. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"रागावणार नसाल तर एक बोलू? सोमवारी तुम्ही पुढे बसताय असं कळलं. आणि साहेब कसे आहेत ते मला माहीत आहे." त्यांनी कागद उघडला. विटकरी रंगाचं जाकीट, हाताला शेवाळासारखं मऊ. "माझंच आहे. दोनदा घातलंय फक्त. तुम्हाला त्या तसल्या दुकानात जायची वेळ येऊ नये, एवढंच मनात आलं."

मला नको म्हणायचं होतं. डब्याच्या पिशवीचा बंद मी घट्ट धरला, जणू पिवळा ड्रेस आपणहून बाहेर येऊन बोलणार होता. "अहो, कशाला..." मी म्हणाले. त्यांनी ते तिथंच, जिन्यात, माझ्या खांद्यांवर चढवलं. दोन्ही बाह्या एका दमात गेल्या. कुठं ओढलं नाही, कुठं सैल नाही. असं काही मी आयुष्यात अंगावर घातलं नव्हतं. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले होते, आणि मला लाज वाटत असतानाच, त्या लाजेच्या बरोबरीनं, बाहीवरून हात फिरवत राहावंसं वाटत होतं.

घरी ताईनं पिवळा ड्रेस घालायच्या आधी उलटा केला. सगळ्या शिवणी बोटांनी चाचपल्या. कुठं थांबली, कुठं मान हलवली. "नवी आहे कुणीतरी," झिपेपाशी ती म्हणाली. "हात बसला नाही अजून." मग आत जाऊन तो घालून आली, आणि कूस माझ्याकडे केली. मी झिप वर घेतली. तिची पाठ किती अरुंद झाली होती. ती खिडकीपाशी गेली, उजेडात उभी राहिली, खाली बघून घेर दोन्ही हातांनी जरा पसरला. साठीला टेकलेली बाई एका मिनिटात इतकी लहान दिसू शकते हे मला माहीत नव्हतं.

"चार-सहा महिने जाईल," ती खुशीत म्हणाली. "पुष्कळ झाले. तुझा कुठाय?"

"मला हे मिळालं." मी जाकीट दाखवलं. ताईनं तेही उलटं केलं. या वेळी तिला फार वेळ लागला. एकेक टाका ती दिव्यासमोर धरून बघत होती. "हातशिलाई," ती म्हणाली. "हे करणारीला दिवसभर बसू दिलं असणार." मग माझ्याकडे न बघता, "तुला का दिलं गं तिनं?"

"अशीच. चांगली आहे ती."

"अशीच एवढं महागाचं?"

मी खोटं बोलू शकत होते. दुपारपासून मला ते चांगलं जमत होतं. पण ताईच्या हातात ते उलटं जाकीट होतं, आणि आतली बाजू बाहेर असताना तिच्यापुढे मला कधीच काही लपवता आलेलं नाही. मी सांगितलं. डबा खातानाचं टेबल, रुमाल, झिपा, खांदा. सुई दोनदा सांगितली तेही.

"दोनदा," ताई म्हणाली. मी वाट बघितली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आणि रुमालाचं पण सांगितलंस?"

"हो."

"आपण दोघी हसायचो असं सांगितलंस का?"

"नाही."

ताईनं मान हलवली. जाकीट सुलटं केलं, झटकलं, आणि पिवळ्या ड्रेसवर घालायला घेतलं. डावा हात गेला. उजवा तिनं मागे नेला, बाहीचं तोंड शोधलं, पण हात कोपरापलीकडे वर होईना. मी पुढे झाले. "थांब," ती म्हणाली. पुन्हा एकदा प्रयत्न केला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. मग ती तशीच थांबली, एक बाही अंगात, दुसरी पाठीवर लोंबत, आणि कपाटाच्या आरशात बघत राहिली. मला ते काढूनही घेता येईना, चढवताही येईना.

"आता काय व्हायचं या खांद्याचं," शेवटी ती म्हणाली. "तू घाल. तुलाच दिलंय."

सोमवारी मी ते घालून पुढच्या टेबलावर बसले. साहेब आले, थांबले, पसंतीची मान हलवून आत गेले. हातमागबाईंनी लांबून हात केला. दिवसभर येणारे-जाणारे म्हणत होते की छान आहे, कुठून घेतलं? आणि मी प्रत्येकाला, चांगल्या आवाजात, सांगत होते की मी त्या दुकानातून काही घेत नाही.